दुधाचे नाते आणि शहागंजची बाळंतीण

गेल्या वर्षी रमजानच्या आधी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून आमचे घर चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे बाजाराला आलेल्या मुली जाताजाता डोकावतात. ही मात्र बाजाराला आली नव्हती. ओढणीत दीड महिन्याचे बाळ होते आणि पिशवीत दूध पावडरचा डबा. डब्यावरचे बारीक इंग्रजी तिला माझ्याकडून वाचून घ्यायचे होते.

"मिस, एक चम्मच को कितना पानी लिखे? और ये डब्बा पंधरा दिन कैसा चलाना?"

मी वाचून सांगितले. लिहिलेल्या प्रमाणात दूध केले असते तर तो डबा आठवडाभरही पुरला नसता. पंधरा दिवस पुरवायचा म्हणजे पाणी वाढवणे आले, आणि ती आधीपासून तेच करत होती. त्याच डब्यावर आणखी एक सूचना ठळक छापलेली होती, आईचे दूध बाळासाठी सर्वांत चांगले या अर्थाची. तीही मी वाचून दाखवली. ती म्हणाली, "वो मालूम है मिस. पर मेरे को पुरता नईं, सास बोले."

मला तिच्या सासूचा राग आला. पण रात्री झोप लागेना, तेव्हा स्वतःचीच आठवण झाली. सतरा वर्षांपूर्वी मुलगा तीन महिन्यांचा असताना मी ज्या शाळेत नोकरीला होते, तिथे मधल्या सुटीत छाती दुखू लागली की स्वच्छतागृहात जाऊन दूध पिळून टाकत असे. दुसरी जागाच नव्हती. चौथ्या महिन्यात दूध आटले. सगळे म्हणाले, हिला दूधच कमी होते. मीही तेच खरे मानले. पुढे किती नव्या आयांना मी तोच सल्ला दिला असेल, "कशाला त्रास घेतेस, डबा सुरू कर," त्याची मोजदाद नाही.

मी भाषेची शिक्षिका, डॉक्टर नाही. पण त्या रात्रीनंतर या विषयाचा जुना इतिहास शोधून वाचत गेले. एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. बाळाला दूध आई पाजते, पण ते दूध टिकते की आटते हे बऱ्याचदा तिच्या भोवतीची माणसे ठरवतात.

दोन वर्षे, पण कोणाच्या जबाबदारीवर?

आपल्या समाजात स्तनपानाचा विषय निघाला की कुरआनातील दोन वर्षांच्या मुदतीचा उल्लेख हमखास होतो. सूरह बकरहच्या 233 व्या आयतीत ती मुदत आहे. मात्र आयत तिथे संपत नाही. पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राचा भार रीतीप्रमाणे बापावर टाकलेला आहे. मुलाच्या कारणाने आईला त्रास होऊ नये आणि बापालाही होऊ नये, असे म्हटले आहे. बाप हयात नसेल तर ही जबाबदारी वारसावर येते. दूध तोडायचे असेल तर दोघांच्या राजीखुशीने आणि सल्लामसलतीने तोडावे. सूरह तलाकमध्ये तर घटस्फोटित पत्नी मुलाला पाजत असेल तर तिला त्याचा मोबदला द्यावा असा आदेश आहे. दोन वर्षे आईने पाजावे हे आपण पाठ केले. त्या दोन वर्षांत तिला कोणी सांभाळायचे, हा भाग मात्र पाठ केला नाही.

प्रेषित मुहंमद (स.) यांना बनू साद कबिल्याच्या हलीमा यांनी पाजले, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगते. त्या नात्याचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. हुनैनच्या लढाईनंतर, इ. स. 630 मध्ये, हलीमांची मुलगी शैमा कैद्यांमध्ये सापडली. दूधबहीण असल्याची ओळख पटताच प्रेषितांनी तिच्यासाठी आपली चादर अंथरली, असे चरित्रग्रंथ सांगतात. पुढे त्या कबिल्याच्या लोकांनी याच दुधाच्या नात्याची आठवण करून दिली आणि हजारो कैदी सुटले.

दुसरी गोष्ट हजरत उमर (रजि.) यांची. त्यांच्या काळात मदिनेत मुलांना सरकारी खजिन्यातून नेमणूक मिळे, पण दूध सुटल्यानंतर. एका रात्री शहराबाहेर उतरलेल्या काफिल्यावर पहारा देताना त्यांना एक बाळ सारखे रडताना ऐकू आले. त्यांनी आईला दोनतीनदा हटकले. शेवटी ती वैतागून म्हणाली की मी त्याचे दूध लवकर तोडते आहे, कारण उमर दूधपित्या मुलांना नेमणूक देत नाही. समोर खुद्द उमर उभे आहेत हे तिला ठाऊक नव्हते. सकाळच्या नमाजमध्ये रडण्यामुळे त्यांचे पठण लोकांना नीट कळेना. नंतर त्यांनी दवंडी पिटवली की मुलांचे दूध घाईने तोडू नका, नेमणूक जन्मापासूनच मिळेल. इब्न साद यांच्या तबकातमध्ये ही हकिकत आहे.

त्या आईला कमी दूध नव्हते आणि ती बेफिकीरही नव्हती. एका नियमाने तिला कोंडीत पकडले होते. उमर यांनी तिला उपदेश केला नाही, नियम बदलला. माझ्या त्या शाळेतल्या स्वच्छतागृहाची मला ही गोष्ट वाचताना आठवण झाली.

या शहराच्या दोन नावांमागचे दूध

आमच्या शहराच्या नावावरून खूप वाद झाले. ज्या दोन माणसांची नावे या शहराला मिळाली, त्या दोघांच्याही चरित्रात दुधाचे नाते आहे, हे मात्र त्या वादात कुठे ऐकले नाही.

छत्रपती संभाजी महाराजांचा जन्म 14 मे 1657 रोजी पुरंदरवर झाला. आई सईबाई आजारी असत, म्हणून पुरंदरच्या परिसरातील कापूरहोळ गावच्या धाराऊ गाडे यांनी बाळाला पाजले. संभाजी महाराज दोन वर्षांचे होते तेव्हा, 1659 मध्ये, सईबाई वारल्या. धाराऊंचे मुलगे अंतोजी आणि रायाजी हे महाराजांचे दूधभाऊ झाले. कापूरहोळमध्ये आजही धाराऊंची आठवण जपली जाते.

इकडे औरंगजेबाच्या दरबारात मीर मलिक हुसेन नावाचा सरदार होता. बहादूरखान, खानजहान बहादूर असे किताब त्याला मिळाले, पण त्याच्या नावाला कायमचा चिकटलेला शब्द म्हणजे 'कोकलताश'. या शब्दाचा अर्थच दूधभाऊ. त्याच्या आईने औरंगजेबाला पाजले होते. दख्खनचा सुभेदार म्हणून तो याच भागात वावरला आणि पेडगावचा बहादूरगड त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. 1689 मध्ये संभाजी महाराजांना कैद करून आणले ते याच पेडगावला. ती जखम महाराष्ट्र विसरलेला नाही आणि विसरावी असे मी म्हणतही नाही. मला एवढेच दिसते की एकमेकांशी लढणाऱ्या या दोन्ही घराण्यांत पाजणाऱ्या बाईचा मान सारखाच होता. तिची मुले घरची मानली जात. अकबराच्या काळीही हेच होते. त्याचा दूधभाऊ मिर्झा अझीझ कोका वारंवार बिनसायचा आणि अकबर त्या नात्यापायी त्याला वारंवार माफ करायचा.

इस्लामी कायद्यात तर हे नाते रक्ताच्या नात्यासारखे आहे. सूरह निसामध्ये ज्यांच्याशी लग्न निषिद्ध आहे त्या यादीत दूधआई आणि दूधबहीण आहेत. दूध पाजणे हा व्यवहार नसून नाते आहे, असा त्याचा अर्थ.

पण इथे एक अडचण आहे. हा इतिहास राजवाड्यांचा आहे. राजपुत्राला पाजणाऱ्या बाईच्या स्वतःच्या लेकराच्या वाट्याला किती दूध उरले, हे कुठल्या बखरीत लिहिलेले नाही. गरिबाघरच्या बाळंतिणीला दाई मिळत नसे. तिला मोहल्ला मिळत असे.

मोहल्ल्याने काय दिले, काय चुकवले

माझ्या अम्मीच्या पिढीत चिल्ला म्हणजे चाळीस दिवसांची विश्रांती होती. पहिलटकरीण माहेरी असे. दाई रोज मालिशला येई. खाला हरीरा करून आणी, शेजारच्या काकू अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू पाठवत. या पदार्थांनी दूध किती वाढते हे मला ठाऊक नाही, पण ते घेऊन येणारी बाई अर्धा तास बसायची आणि बाळ नीट पाजले जाते का ते बघायची. बाळाचे तोंड फक्त बोंडाला लागले आहे की भोवतीचा काळा भागही तोंडात आहे, हे एका नजरेत ओळखायची. आज तीच गोष्ट प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका शिकवतात. दूध तयार होण्याचा हिशेबही साधा आहे. बाळ जितके ओढते तितके ते तयार होते. वरचे दूध सुरू झाले की बाळ कमी ओढते, मग आईचे दूध खरोखरच कमी होते आणि सासूचे म्हणणे खरे ठरते.

मोहल्ल्याने चुकाही शिकवल्या. पहिल्या दोनतीन दिवसांचे घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, 'खराब' म्हणून पिळून टाकले जाई. गायीम्हशीचा चीक पैसे देऊन आणून आपण आवडीने खरवस करतो, आणि आईचा चीक फेकतो. खरे तर बाळाला रोगांपासून वाचवणारे घटक त्यातच जास्त असतात. घुट्टी, मध, गुळाचे पाणी, उन्हाळ्यात साधे पाणी, हेही तसेच. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय पाण्याचीसुद्धा गरज नसते, आणि वर्षाच्या आतील बाळाला मध धोक्याचा असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे जेमतेम निम्मी होती. म्हणजे ही चूक एकट्या शहागंजची नाही, आणि एकट्या मुसलमानांची तर नाहीच.

डबा कसा आला

हेन्री नेस्ले यांनी स्वित्झर्लंडमध्ये 1867 च्या सुमारास बाळांसाठी दूध आणि पीठ यांची भुकटी विकायला काढली. ज्यांना खरोखर आई नव्हती त्यांच्यासाठी ती मोठी सोय होती. पुढे ती सगळ्यांनाच विकली जाऊ लागली. सिंगापूरमध्ये काम करणाऱ्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 1939 मध्ये एका भाषणात, आयांना फसवून असे दूध खपवण्याला खुनाची उपमा दिली. 1974 मध्ये ब्रिटनमध्ये या व्यापारावर एक गाजलेली पुस्तिका निघाली आणि 1977 मध्ये अमेरिकेत बहिष्काराची चळवळ सुरू झाली. गरीब देशांत घडत होते ते हेच: महाग डबा पुरवण्यासाठी पाणी वाढवायचे, तेही अशुद्ध, बाटली नीट उकळायची नाही, आणि मग जुलाब. माझ्या विद्यार्थिनीने माझ्या दिवाणखान्यात बसून विचारलेला प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी जगभर विचारला गेला होता.

1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेने अशा दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. विरोधात एकच मत पडले, अमेरिकेचे. भारताने 1992 मध्ये त्यावर कायदा केला आणि 1 ऑगस्ट 1993 पासून तो लागू झाला. जाहिरात बंद, मोफत नमुने बंद, डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र बंद. तिच्या डब्यावरची ती ठळक सूचना या कायद्यामुळेच होती. पण सूचना छापून दूध येत नाही. त्यासाठी कोणीतरी जवळ बसावे लागते.

महाराष्ट्राने काय करून दाखवले

मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 27 नोव्हेंबर 1989 रोजी मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातील पहिली मानली जाते. सायन म्हणजे धारावीला लागून असलेले सरकारी रुग्णालय. तिथे बाळंत होणाऱ्या बायका गरीब, सर्व धर्मांच्या. ज्यांना दूध जास्त येते त्या देतात. देणाऱ्या आईच्या रक्ताची तपासणी होते, दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवले जाते, गोठवून ठेवले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिले जाते.

1991 च्या डिसेंबरमध्ये वर्ध्यात 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संघटना स्थापन झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले: ऊब देणे, पाजायला मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांत नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. आज आशाताई नव्या बाळाच्या घरी ज्या ठरलेल्या भेटी देतात, त्यांचे मूळ तिथे आहे.

आणि आमचे शहर? राज्यातील कुपोषण हटवण्यासाठी 2005 मध्ये स्थापन झालेल्या राजमाता जिजाऊ मिशनचे मुख्यालय सुरुवातीला इथेच, औरंगाबादेत होते. 2005-06 मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील सुमारे 39 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. 2012 च्या पाहणीत हे प्रमाण 24 टक्क्यांच्या आसपास आले. हे श्रेय एकट्या स्तनपानाचे नाही, पण बाळाच्या पहिल्या हजार दिवसांकडे सगळ्यांनी मिळून लक्ष दिले तर काय होते ते दिसले.

रायगडचा कडा उतरून बाळाला पाजायला गेलेल्या हिरकणीच्या नावाने एसटी स्थानकांवर कक्ष उभे राहिले. कल्पना सुंदर आहे. पण मी स्वतः एका स्थानकावर अशा कक्षाला कुलूप पाहिले आहे. मार्च 2023 मध्ये आमदार सरोज अहिरे आपल्या लहानग्याला घेऊन अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनातल्या हिरकणी कक्षातील धुळीची तक्रार त्यांना करावी लागली. हिरकणीने कडा उतरला म्हणून आपण तिचे कौतुक करतो. दरवाजा वेळेवर उघडला असता तर तिला तो उतरावाच लागला नसता.

आपला अडलेला प्रश्न

मातृदुग्धपेढीबाबत मुसलमान घरांत एक खरी अडचण येते. दूध एकत्र केले तर दूधभाऊ-दूधबहीण कोण हे कळणार कसे? 1985 मध्ये जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने अशा पेढ्यांच्या विरोधात मत दिले. त्याआधी युसूफ अल-करजावी यांनी अनुकूल मत दिले होते. ढाक्यात 2019 मध्ये आणि कराचीत 2024 मध्ये अशा पेढ्या आक्षेपांमुळे थांबल्या. मी आलिमा नाही, फतवा देणार नाही. परंतु अपुऱ्या दिवसांच्या बाळाला डॉक्टर हे दूध सुचवतात, तेव्हा घाबरून नकार देण्याआधी जाणत्या आलिमांना विचारावे. कोणाचे दूध कोणाला दिले याची नोंद ठेवता येईल का, हे रुग्णालयाला विचारावे. आणि आपल्या उलेमांनी हा प्रश्न बाळ काचेच्या पेटीत असताना नव्हे, आधीच चर्चेला घ्यावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

पण बहुतेक घरांना पेढीची गरज पडत नाही. त्यांना एक जाणती बाई, एक समजूतदार नवरा आणि थोडी आडोशाची जागा हवी असते. शहागंजच्या बाजारात उन्हात बुरख्यातल्या आया रडते बाळ घेऊन फिरतात. कापडाच्या दुकानांत मागे खोल्या असतात. एक खुर्ची आणि एक पडदा एवढाच खर्च आहे. जुम्याच्या खुतब्यात इमामसाहेबांनी सूरह बकरहची ती आयत पूर्ण समजावली, बापाच्या जबाबदारीसकट, तर कितीतरी घरांत फरक पडेल. पाजणाऱ्या आईला रोजाची सवलत आहे, हेही नवऱ्यांनी आणि सासूंनी ऐकायला हवे.

एक सांगणे राहिले. काही आयांना खरोखर दूध येत नाही, काहींना औषधांमुळे पाजता येत नाही. त्यांना गुन्हेगार ठरवू नका. डॉक्टर सांगतील ते दूध, सांगतील त्या प्रमाणात, उकळलेल्या स्वच्छ पाण्यात आणि वाटी-चमच्याने द्यावे. पाणी मात्र कधीही वाढवू नये.

त्या मुलीकडे मी दुसऱ्या दिवशी आमच्या भागातल्या आशाताईंना घेऊन गेले. त्यांनी आधी सासूबाईंना जवळ बसवले आणि विचारले, "खालाजान, आपके वक्त में क्या करते थे?" सासूबाई तासभर बोलत राहिल्या. मग बाळाची पकड दुरुस्त केली, दिवसातून आठ ते बारा वेळा पाजायला सांगितले, दिवसाला सहा वेळा लघवी झाली की पोट भरते आहे असे समजा म्हणून सांगितले. वजन मोजायला घाटीत नेण्याचे काम नवऱ्याकडे दिले. डबा पूर्ण सुटला नाही, रात्रीची एक वेळ राहिली. पण पाणी वाढवणे थांबले आणि बाळाचे वजन वाढू लागले.

आता तिच्या जावेला सातवा महिना आहे. परवा दोघी बाजारातून येताना माझ्याकडे थांबल्या. चीक टाकू नको, हे जावेला सांगायला मी तोंड उघडले, तर सासूबाईंनी ते तिला आधीच सांगून ठेवले होते.